चालवावी तशी भरणारी टाकी

गाडी आता तिसऱ्यांदा रस्त्यात थांबली तर विकून टाकायची, असं शनिवारी सकाळी चहा पिता पिता ठरलं. ठरलं म्हणजे ग्रंथपालबाईंनी ठरवलं आणि त्यांच्या यजमानांनी, म्हणजे घड्याळजींनी, बशीत बघत मान डोलावली. लग्नाला अडतीस वर्षं झाल्यावर मान डोलावणं हा काही होकार नसतो, ते वेळ मारून नेणं असतं. पण या वेळी बाई नुसतं बोलून थांबल्या नव्हत्या. जुन्या गाड्यांच्या दलालाला घरी बोलावून त्यांनी गाडी दाखवलीसुद्धा होती. त्याने गाडीभोवती दोन चकरा मारल्या, टपावर टकटक केलं, गिऱ्हाईक तयार आहे म्हणाला आणि पंधरा दिवसांनी शनिवारी संध्याकाळी फोन करतो असं सांगून गेला. त्याचं कार्ड बाईंनी फ्रिजवर लावलं, तेही नेमकं घड्याळजींच्या डोळ्यांच्या उंचीवर.

बाईंचं तरी काय चुकलं? पहिल्यांदा गाडी थांबली ती रेल्वेच्या फाटकात, इंजिनाचा पट्टा तुटून. दुसऱ्यांदा पेट्रोल संपलं ते थेट बसथांब्यासमोर. वाचनालयाचे निम्मे सभासद तिथे बसची वाट बघत उभे होते आणि त्यांच्यादेखत बाईंनी नव्या चपला घालून गाडी ढकलली. एक सभासद मदतीला आला, त्याने ढकलता ढकलता दोन पुस्तकांची मुदत वाढवून घेतली. त्या दिवशी बाई घरी आल्या त्या थेट दलालाचा नंबर शोधायलाच बसल्या.

घड्याळजींचं मात्र काळीज हललं होतं. लोक मोबाइलवर वेळ बघायला लागले तसं त्यांनी तीन वर्षांपूर्वी घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद केलं. तेव्हापासून सकाळी बाई वाचनालयात गेल्या की ते शेडमध्ये गाडीपाशी जात आणि बाई परत यायच्या सुमारास हात धुवून बाहेर येत. गाडी गेली तर सकाळी दहा ते संध्याकाळी सहा या आठ तासांचं काय करायचं, हे त्यांनी कोणाला विचारलं नव्हतं. विचारण्यासारखं ते नव्हतंच. पण फ्रिज उघडताना ते कार्डाकडे न बघता दार ओढायचे.

पेट्रोल संपायचं कारण साधं होतं. मीटरच्या तबकडीवरचे आकडे इतके उडाले होते की काटा दिसे, पण तो कशावर टेकलाय ते दिसत नसे. तेव्हा आधी मीटर बदलायचा, असं ठरवून घड्याळजी त्याच शनिवारी भंगारवाल्याकडे गेले. तिथे त्यांना कुठल्याशा दुसऱ्या गाडीचा मीटर मिळाला. काळी तबकडी, दुधी आकडे, नारिंगी काटा. तो हातात घेतला आणि घड्याळजी विरघळलेच.

भंगारवाला म्हणाला, "टाकीतला फ्लोट पण न्या याच्याबरोबर. जोडी आहे ती."

फ्लोट म्हणजे टाकीत पेट्रोलवर तरंगणारा फुगा आणि त्याची दांडी. पेट्रोल किती उरलंय ते तो वायरीतून मीटरला कळवतो. आमचा फ्लोट ठणठणीत आहे, घड्याळजी म्हणाले. होताही. पण गोम अशी, की काही गाड्यांचे फ्लोट टाकी भरली की जास्त वीज जाऊ देतात आणि काही गाड्यांचे टाकी रिकामी झाली की. एका जातीचा मीटर दुसऱ्या जातीच्या फ्लोटशी जोडला तर मीटर टाकीच्या बरोबर उलटं सांगतो. हे भंगारवाला सांगणारच होता, पण तोवर घड्याळजी मीटर रुमालात गुंडाळून रस्त्याला लागले होते.

रविवारी त्यांनी मीटर बसवला आणि जावयाला शेजारी बसवून पंपावर नेलं. जावई म्हणजे त्यांच्या एकुलत्या एक लेकीचा नवरा. दोघं पलीकडच्याच गल्लीत राहायचे. टाकी गळ्यापर्यंत भरली. किल्ली फिरवली. नारिंगी काटा जरासा थरथरला आणि तळाला जाऊन पडला.

घड्याळजींनी काचेवर टिचकी मारली. "नवीन आहे. बसायला वेळ लागेल जरा."

"लागणारच की, बाबा," जावई म्हणाला.

जावई लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत होता. लिफ्ट पाचव्या मजल्यावर आणि आतला दिवा तळमजल्याचा, असली दुखणी काढण्यातच त्याची नोकरी चालली होती. काय झालंय ते त्याला पंपावरच कळलं. पण सांगणार कसं? सासऱ्यांची चूक काढायचं धाडस त्याने सहा वर्षांत एकदाच केलं होतं. लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात सासऱ्यांनी भिंतीवर फळी ठोकली होती आणि ती थोडी कलली आहे असं तो सहज म्हणाला होता. घड्याळजी हसून म्हणाले, "बरोबर आहे तुमचं, जावईबापू." आणि नंतर दोन दिवस धड जेवले नाहीत. बायकोने मग त्याला जे काही ऐकवलं, त्यानंतर त्याने कानाला खडा लावला. तेव्हापासून सासरा आणि जावई एकमेकांशी इतक्या अदबीने वागत, की एका खोलीत दोघं असले की तिसऱ्याला आपण दवाखान्याच्या बाकावर बसलोय असं वाटावं.

इकडे घड्याळजीही काही खुळे नव्हते. आठवडाभर गाडी फिरली तसा काटा हळूहळू वर चढायला लागला. बुधवारी तो पाव टाकीवर आला तेव्हा त्यांना सगळं उमगलं. गाडी चालवावी तशी टाकी भरत होती. चाळीस वर्षं ज्या माणसाने काट्यांशी संसार केला, ज्याच्या हातून एक काटा कधी उलटा फिरला नाही, त्याच्या स्वतःच्या गाडीत हे चाललं होतं. बायकोसमोर एकवेळ चालून गेलं असतं, तिच्यासमोर आणखी काय झाकायचं राहिलंय? पण जावयासमोर गेलेली अब्रू भंगारातही परत मिळत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून ते गप्प बसले.

म्हणजे आता चूक दोघांनाही माहीत होती आणि दोघांनीही ती न बोलता निस्तरायचं ठरवलं होतं.

पहिला नंबर जावयाचा लागला. मीटरला हात लावला तर सासऱ्यांना दिसणार. तेव्हा टाकीतला फ्लोटच बदलावा, तिथे कोण बघतंय? तो भंगारवाल्याकडे गेला. "मी म्हटलं होतं त्यांना, जोडी आहे," भंगारवाला म्हणाला. तुम्ही म्हटलं होतं हे त्यांना पुन्हा म्हणू नका, असं बजावून जावयाने तो फ्लोट घेतला. दुसऱ्या रविवारी दुपारी सासू-सासरे कोणालातरी भेटायला गेले, तेवढ्यात त्याने शेडमध्ये शिरून काम उरकलं. तासभर गाडीखाली पाठीवर पडून टाकी सोडवली, नवा फ्लोट घातला, जुना पिशवीत टाकला. पेट्रोल तेव्हा बरोबर निम्मं होतं. किल्ली फिरवली, काटा निम्म्यावर. आता मीटर आणि फ्लोट एका जातीचे होते आणि सगळं ठीक झालं होतं. जावई शीळ घालत घरी गेला.

हे ठीक झालेलं सगळं जेमतेम अठरा तास टिकलं.

सोमवारी बाई वाचनालयात गेल्या आणि घड्याळजींनी मीटर उतरवला. गाडीखाली झोपण्याचं त्यांचं वय राहिलं नव्हतं, पण काट्यांच्या आतली कामं त्यांना डोळे मिटून यायची. जुन्या मीटरचे नुसते आकडे उडाले होते, आतलं यंत्र धडधाकट होतं. त्यांनी जुनं यंत्र काढून नव्या मीटरच्या सुंदर तबकडीमागे बसवलं. बाहेरून बघणाऱ्याला कळायची सोय नाही. ब्रह्मदेव आला तरी नवाच मीटर म्हणेल. आपला जुना मीटर, आपला जुना फ्लोट, आता काटा सरळ चालणार, अशा हिशेबाने त्यांनी किल्ली फिरवली. काटा निम्म्यावर. तरी माणूस चोख, म्हणून त्यांनी टाकीत काठी बुडवून पाहिली. काठीही निम्मी ओली.

आता काय सांगायचं. निम्म्या टाकीचं असं आहे, की सरळ मीटरही निम्मं दाखवतो आणि उलटा मीटरही निम्मंच दाखवतो. जावयाने नवा फ्लोट घातला होता, सासऱ्यांनी जुनं यंत्र घातलं होतं, आणि जोडी पुन्हा फुटली होती. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. इथे शहाणे दोन होते आणि टाकी एकच होती.

त्याच सोमवारी संध्याकाळी जावयाची स्कूटर बिघडली. घड्याळजी मोकळ्या मनाने म्हणाले की गाडी न्या कामावर, आपलीच समजा. आता काटा सरळ असल्यामुळे त्यांना गाडी द्यायला भीती नव्हती. मंगळवारी जावई गाडी घेऊन गेला आणि संध्याकाळी आणून लावली. घड्याळजींनी सवयीने किल्ली फिरवून पाहिलं, तर काटा निम्म्याच्या वर.

दुसऱ्या कोणाला शंका आली असती. घड्याळजींना मात्र जावई थोर वाटला. जावयाने पेट्रोल टाकलं होतं आणि तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं. आजच्या काळात असा जावई मिळतो कुठे? विचारून त्याला ओशाळं करणं बरं नव्हे, म्हणून ते काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त रात्री जेवताना पंख्याखालची आपली खुर्ची जावयाला दिली.

बुधवारी दुपारी घड्याळजी बाईंसाठी गाडी घेऊन दोन-चार कामं करून आले. गुरुवारी सकाळी जावयाने किल्ली फिरवली, तर काटा आणखी वर.  सासऱ्यांनी त्याला कळू न देता पेट्रोल भरलं होतं. सख्खा बाप करणार नाही इतकं. त्याला स्वतःचीच लाज वाटली. संध्याकाळी येताना त्याने घड्याळजींसाठी दिवा असलेलं भिंग आणलं. "उगाचच. दुकानात दिसलं म्हणून," तो म्हणाला. घड्याळजींनी ते दोनदा पुसलं आणि डोळेही पुसले.

असं रोज चाललं. वाटेत काट्याकडे बघायची सवय दोघांनाही नव्हती, बघायचं ते किल्ली फिरवताना. गाडी जेवढी पळे तेवढा काटा चढे आणि काटा चढे तेवढा प्रेमाला पूर येई. घड्याळजींनी जावयाचे बूट पॉलिश करून ठेवले. जावयाने सासऱ्यांच्या शेडचं दार रंगवलं. लेकीला हे काही पटेना. माझ्या माहेरी मला कोणी विचारत नाही आणि यांचे एवढे लाड, असं ती आईला म्हणाली. बाई म्हणाल्या, काहीतरी पाणी मुरतंय. मुरत कुठे होतं, ते आटत होतं, आणि पाणी नव्हे तर पेट्रोल. शुक्रवारी संध्याकाळी काटा पूर्ण भरलेल्यावर टेकला. टाकीच्या तळाला तेव्हा घोटभर पेट्रोल होतं.

शनिवार उजाडला. त्या दिवशी बाईंचा निरोप समारंभ होता. एकतीस वर्षांच्या नोकरीनंतर त्या निवृत्त होत होत्या आणि शहराच्या दुसऱ्या टोकाच्या मुख्य वाचनालयात अकरा वाजता कार्यक्रम होता. बाईंनी टॅक्सी सांगते म्हटलं. घड्याळजींनी पहिल्यांदाच विरोध केला. आज तुला आपल्या गाडीतून मिरवत नेणार, म्हणाले. बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं, मग फ्रिजवरच्या कार्डाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "चला. पण आज थांबली तर संध्याकाळी त्याचा फोन मी घेणार. मग मला काही सांगायचं नाही."

घड्याळजी गाडी चालवत होते, शेजारी जावई, मागे मायलेकी. दहा वाजता निघाले. इंजिन गोड चाललं होतं. गोदामांच्या रस्त्याला लागायच्या आधी शेवटचा पंप आला तशी लेक म्हणाली, "पेट्रोल टाकायचं का?"

"टाकी भरलेली आहे," सासरा आणि जावई एका सुरात म्हणाले. मग दोघांनी एकमेकांकडे असं काही पाहिलं, की लेकीने तोंड खिडकीकडे वळवलं.

पंपापासून तीन किलोमीटरवर, दोन्ही बाजूंना बंद गोदामं आणि मध्ये सरळ रस्ता, अशा जागी गाडीने आचका दिला, दुसरा दिला आणि ती थांबली.

 घड्याळजींचे हात स्टिअरिंगवर तसेच राहिले. मागून बाईंनी पर्स उघडल्याचा आवाज आला. त्यांनी फक्त चष्मा काढून भाषणाचा कागद उघडला होता, पण घड्याळजींना वाटलं, फोनच काढला. 

दोघे खाली उतरले आणि बॉनेट उघडून उभे राहिले. तुम्ही बघा, नाही तुम्ही बघा, अशी पाच मिनिटं गेली. मग पट्टा पाहिला, प्लग काढून पुसले, वायरी हलवल्या. पेट्रोल बघायचं कोणाच्याच डोक्यात येईना, कारण पेट्रोल भरलेलं होतं आणि ते भरणाऱ्याच्या उपकाराखाली दोघेही दबलेले होते. शेवटी जावयाने इंजिनाकडे येणारी नळी सोडून फुंकली. नळी कोरडी ठक्क.

"नळी तुंबली असेल," घड्याळजी म्हणाले. "तुम्ही इतकं पेट्रोल भरलंत, ते येतंय कुठे?"

"मी?" जावई म्हणाला. "बाबा, भरलं तर तुम्ही."

"मी कशाला भरेन? तुम्हीच रोज भरून आणत होतात."

"मी एक थेंब नाही भरला."

रस्त्यावरून एक ट्रक गेला. खिडकीतून लेकीने डोकं बाहेर काढलं होतं. "कोणीच भरलं नाही, तर काटा वर कसा गेला?" तिने विचारलं.

त्यावर दोघांचेही चेहरे एकदमच उतरले. दोघेही एकदमच म्हणाले, "चूक माझी आहे." मग दोघेही थांबले आणि आधी तुम्ही बोला, नाही आधी तुम्ही, हे पुन्हा सुरू झालं. पण लेक आता गाडीतून उतरून कमरेवर हात ठेवून उभी होती, तेव्हा जावयाने सांगून टाकलं. रविवारी टाकीतला फ्लोट बदलला. मीटरशी जुळणारा घातला. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही.

घड्याळजी म्हणाले, "पण मीटर मी सोमवारी जुना घातला."

"मीटर तर नवाच आहे."

"तबकडी नवी. आतलं जुनं."

जावयाने डोळे मिटले. बोटांनी हवेत काहीतरी जुळवून पाहिलं, उलटं सुलटं करून पाहिलं आणि मग तो तिथेच बंपरवर बसला.

आणि मग घड्याळजींच्या तोंडून ते निघून गेलं. सहा वर्षं ज्याला अहो जावईबापू म्हणत आले, त्याला ते म्हणाले, "अरे गाढवा, मला एका शब्दाने विचारायचं नाही?"

लेक दचकली. बाईंनी भाषणाचा कागद खाली केला. खरं म्हणजे जावयाला राग यायला हवा होता. पण त्याच्या छातीवरून कोणीतरी मोठी पेटी उचलून बाजूला ठेवावी तसं त्याला झालं. सहा वर्षांत पहिल्यांदा या माणसाशी सरळ बोलता येणार होतं.

"विचारलं असतं तर तुम्ही दोन दिवस जेवला नसता," तो म्हणाला. "त्या फळीच्या वेळेसारखे."

"फळीचं नाव काढू नकोस. फळी सरळ होती. भिंत वाकडी आहे."

"भिंत सरळ आहे. मी मोजली होती."

"माझ्या घरात येऊन भिंती मोजतोस?"

"मग काय करू? तुम्ही तर बोलत नव्हता. भिंतीशीच ओळख वाढवली."

पुढे काय काय निघालं विचारू नका. सहा वर्षांचं सगळं निघालं. लग्नात दिलेलं घड्याळ मागे पडतं आणि जावई ते रोज गुपचूप पुढे करतो, हे निघालं. जावयाने बसवलेली दाराची घंटा शेजाऱ्यांच्या घरात वाजते आणि घड्याळजी रोज शेजाऱ्यांची माफी मागतात, हे निघालं. दोघं भर रस्त्यात, काळ्या हातांनी, तावातावाने भांडत होते आणि दोघांचेही चेहरे असे खुलले होते की एखाद्याला वाटावं, शाळा सुटली.

त्यांच्या भांडणातून पेट्रोल येणार नाही हे लेकीच्या लक्षात आलं. समोरून एक मालाची गाडी पंपाच्या दिशेने चालली होती. तिने हात केला, ड्रायव्हरला दोन वाक्यांत सगळं सांगितलं आणि त्याच्याकडचा रिकामा डबा घेऊन ती गेलीसुद्धा. अर्ध्या तासाने डबा भरून परत आली, तेव्हा भांडण मुलाखतीसारखं शांतपणे चाललं होतं. दोघे गाडीच्या पायरीवर बसले होते आणि घड्याळजी विचारत होते, लिफ्टला कसं कळतं रे कोणत्या मजल्यावर थांबायचं ते? जावई काडीने धुळीत आकृती काढून दाखवत होता. बाई मागच्या सीटवर दार उघडं टाकून बसल्या होत्या. भाषणाचा कागद त्यांनी केव्हाच पर्समध्ये घातला होता.

पेट्रोल ओतलं. गाडी चालू झाली. काटा थोडा खाली आला.

"बघा, पेट्रोल टाकलं तर कमी झालं," बाई म्हणाल्या. त्या एवढंच बोलल्या. भांडणाच्या भरात घड्याळजी संध्याकाळचा फोन विसरले होते. तो आता त्यांना आठवला. गाडी तिसऱ्यांदा थांबली होती, भर रस्त्यात थांबली होती, आणि तीही बायकोच्या आयुष्यातल्या एका मोठ्या दिवशी. 

पोचायला पावणेबारा झाले. सभागृहात पाहुण्यांचं भाषण चाललं होतं. बाईंची खुर्ची रिकामी ठेवून ते त्या खुर्चीलाच उद्देशून पस्तीस मिनिटं वाचनाचं महत्त्व सांगत होते. बाई आत शिरल्या आणि सगळं सभागृह उठून उभं राहिलं. पाहुण्यांना तिथेच आवरतं घ्यावं लागलं आणि मागच्या रांगेतल्यांनी सर्वांत जोरात टाळ्या वाजवल्या. बाईंनी स्वतःचं लिहून आणलेलं भाषण वाचलंच नाही. आपण उशिरा का आलो तेवढं त्यांनी सांगितलं, फ्लोटसकट, फळीसकट, आणि लोक डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. दुसऱ्या रांगेत सासरा आणि जावई खाली माना घालून बसले होते. कान लाल झाले होते, पण घड्याळजींनी जावयाच्या गुडघ्यावर हात ठेवला होता आणि तो काढला नाही.

घरी आल्यावर मात्र ते आल्या पावली शेडमध्ये गेले. बाईंनी हाक मारली तरी लवकर आले नाहीत. जावई मागोमाग गेला, तर म्हातारा फडक्याने गाडीचं हँडल पुसत होता. पुसलेलंच पुन्हा पुसत होता. जावयानेही दुसरं फडकं घेतलं आणि दुसऱ्या बाजूचं हँडल पुसायला लागला.

सहा वाजता दलालाचा फोन आला. बाईंनी तो घेतला. घड्याळजी आणि जावई स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. लेक हातातला कप तसाच धरून थांबली.

"हो, मीच बोलते," बाई म्हणाल्या. "गाडी ना? थांबली की. आजच थांबली, पाऊण तास." घड्याळजींनी चौकट धरली. पलीकडून दलाल बराच वेळ काहीतरी सांगत होता. गिऱ्हाईक उद्याच यायला तयार आहे, असं काहीसं ऐकू आलं.

"नाही, नाही, गाडी विकायची नाही," बाई म्हणाल्या. "तुमचा गैरसमज होतोय. मी विकते म्हणाले, तेव्हा माझी नोकरी होती. आजपासून मी निवृत्त झाले. उद्यापासून दिवसभर घरी. गाडी गेली तर हेही दिवसभर घरी, आणि आता तर जावईही बोलायला लागलेत. ते दोघं त्या गाडीखाली पडून असलेले बरे. तुमच्याकडे आणखी एखादी असली, न चालणारी, तर मात्र सांगा."

त्यांनी फोन ठेवला आणि फ्रिजवरचं कार्ड काढून कचऱ्याच्या टोपलीत टाकलं.

घड्याळजींचा जीव भांड्यात पडला. ते तिथल्याच स्टुलावर मटकन बसले आणि लहान मुलासारखे हसले. बाई फोनवर आपल्याला काय म्हणून गेल्या, हे त्यांच्या लक्षात दुसऱ्या दिवशी सकाळी आलं, पण तोवर ते आणि जावई गाडीखाली होते आणि वर येऊन भांडण्याइतका वेळ कोणालाच नव्हता.